इंग्रजी वाक्यांचा चकवा

'द हॉर्स रेस्ड पास्ट द बार्न फेल.' इंग्रजी उत्तम येणाऱ्या माणसालाही हे वाक्य पहिल्यांदा वाचताना शेवटच्या शब्दावर ठेच लागते. पहिले सहा शब्द सरळ जातात आणि घोडा कोठारापुढून धावत गेला, असे चित्र मनात पूर्ण तयार होते. मग 'फेल', म्हणजे 'पडला' किंवा 'पडले', हा सातवा शब्द येतो आणि त्याला बसायला जागाच उरलेली नसते. कोण पडले? कोठार? घोडा? की मध्ये 'आणि' छापायचे राहून गेले? वाक्यात चूक मात्र काहीही नाही. त्याचा अर्थ इतकाच आहे की कोठारापुढून ज्या घोड्याला पळवले, तो घोडा पडला. 'रेस्ड' हे या वाक्याचे मुख्य क्रियापद नसून घोड्याचे विशेषण आहे, आणि खरे क्रियापद अगदी शेवटी बसलेले 'फेल' हे आहे. इतके सांगितल्यावरही अनेक इंग्रजी भाषक 'हे वाक्य व्याकरणात बसत नाही' यावर ठाम राहतात.

टॉमस बेव्हर या अमेरिकी भाषामानसशास्त्रज्ञाने 1970 मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका निबंधात हे वाक्य दिले आणि तेव्हापासून हा घोडा पन्नासहून अधिक वर्षे पडतोच आहे. अशा वाक्यांना इंग्रजीत 'गार्डन पाथ सेंटेन्स' म्हणतात. एखाद्याला बागेतल्या वाटेने नेणे म्हणजे त्याला गोड बोलून भलतीकडे नेणे, असा त्या भाषेतला वाक्प्रचार आहे. आपल्याकडे यासाठी अधिक नेमका शब्द आहे, तो म्हणजे चकवा. रानातून रात्री जाणाऱ्या माणसाला चकवा लागतो तेव्हा त्याला आपण वाट चुकलो आहोत हे कळत नाही. पावले ओळखीच्या वाटेवरच पडत आहेत, अशी त्याची खात्री असते. या वाक्यांचेही तसेच आहे. वाचक गोंधळलेला असतो म्हणून फसत नाही, तर त्याला सगळे स्वच्छ कळते आहे असे वाटत असतानाच तो फसतो.

येथे एक भेद आधी स्पष्ट केला पाहिजे. 'मला धावताना चोर दिसला' या मराठी वाक्यात कोण धावत होते, मी की चोर, हे वाक्य संपल्यावरही ठरत नाही. ही कायमची संदिग्धता आहे. ती सोडवायची तर वाक्याबाहेरची माहिती लागते. घोड्याच्या वाक्यातली संदिग्धता तात्पुरती आहे. 'रेस्ड' या शब्दापाशी दोन वाटा फुटतात, पुढचे तीन शब्द दोन्ही वाटांवर सारखेच चालतात आणि 'फेल' आल्यावर एक वाट बंद होते. पूर्ण वाक्याला अर्थ एकच आहे. अडचण ही आहे की वाचक पूर्ण वाक्य हाती येण्याची वाट पाहत नाही.

तो का थांबत नाही, हे समजण्यासाठी वाचणाऱ्या डोळ्याकडे पाहावे लागते. डोळा ओळीवरून घरंगळत जात नाही, तो उड्या मारतो. इंग्रजी वाचताना एक उडी साधारण सात ते नऊ अक्षरांची असते, प्रत्येक थांबा सुमारे पाव सेकंदाचा असतो आणि दर शंभर उड्यांपैकी दहापंधरा उड्या मागे वळून घेतलेल्या असतात. प्रत्येक थांब्यावर आलेला शब्द मन लगेच वाक्याच्या बांधणीत बसवून टाकते. तो हाताशी सुटा ठेवून पुढे जाणे परवडण्यासारखे नसते, कारण सुटे शब्द लक्षात ठेवण्याची आपली क्षमता फारच थोडी आहे. संबंध नसलेले दहा शब्द ऐकून तसेच म्हणून दाखवताना माणूस अडखळतो. वीस शब्दांचे अर्थपूर्ण वाक्य मात्र तो सहज सांगतो, कारण ते त्याच्या मनात एकत्र बांधले गेलेले असते. बांधत बांधत पुढे जाणे ही वाचकाची घाई नव्हे, त्याचे कौशल्य आहे, आणि चकव्याची वाक्ये नेमका या कौशल्याचाच फायदा घेतात.

हे डोळ्यांच्या हालचालींवरून दाखवून देणारा महत्त्वाचा अभ्यास लिन फ्रेझियर आणि कीथ रेनर यांनी 1982 मध्ये प्रसिद्ध केला. त्यातले एक वाक्य असे होते: 'सिन्स जे ऑल्वेज जॉग्ज अ माइल सीम्स लाइक अ व्हेरी शॉर्ट डिस्टन्स टु हिम.' यातला 'जे' हे माणसाचे नाव आहे; देवनागरीत लिहिताच त्याचे संबंधी सर्वनाम होते आणि मराठी वाचकाला आणखी एक चकवा बसतो, त्याला इलाज नाही. वाक्याचा अर्थ असा की हा गृहस्थ नेहमी धावत असल्यामुळे एक मैल हे त्याला फारच थोडे अंतर वाटते. पण वाचक 'जॉग्ज अ माइल' हे एकत्र घेतो, म्हणजे 'तो मैलभर धावतो' असे समजतो, आणि 'सीम्स' या क्रियापदाला कर्ताच उरत नाही. याच ठिकाणी वाचकांचा डोळा रेंगाळताना आणि मागे जाताना दिसला. विशेष म्हणजे तो दरवेळी वाक्याच्या आरंभाशी जात नव्हता. घोटाळा जेथे झाला त्या जागेकडेच तो अनेकदा सरळ परतत होता, जणू कोणता टाका उसवायचा हे त्याला ठाऊक होते.

चूक नेहमी त्याच दिशेने का होते, याचे फ्रेझियर यांचे उत्तर साधे होते. मन वाक्याचे बांधकाम कमीत कमी विटांमध्ये करू पाहते, आणि नवा शब्द आला की जो भाग बांधून होत आहे त्यालाच तो जोडते. 'घोडा धावला' याला एकच वाक्य पुरते. 'पळवलेला घोडा' असे समजायचे तर वाक्याच्या पोटात दुसरे वाक्य मानावे लागते आणि मुख्य क्रियापद अजून यायचे आहे, हेही लक्षात ठेवावे लागते. मन स्वस्तातली बांधणी निवडते. बहुतेक वेळा ती बरोबर निघते, म्हणून सवयही मोडत नाही.

हे उत्तर देखणे असले तरी पुरेसे नाही, असे म्हणणाऱ्यांनीही चांगले पुरावे दिले. मन आधी फक्त व्याकरणाची बांधणी पाहते आणि अर्थ नंतर लावते, की दोन्ही एकदम चालते, हा त्यांच्या वादाचा मुद्दा होता. पुढची दोन वाक्ये पाहा: 'द डिफेन्डन्ट एक्झॅमिन्ड बाय द लॉयर टर्न्ड आउट टु बी अनरिलायेबल' आणि 'द एव्हिडन्स एक्झॅमिन्ड बाय द लॉयर टर्न्ड आउट टु बी अनरिलायेबल'. पहिल्यात वकिलाने तपासलेला आरोपी बेभरवशाचा निघतो, दुसऱ्यात वकिलाने तपासलेला पुरावा. आरोपी स्वतः काहीतरी तपासू शकतो, त्यामुळे पहिल्या वाक्यात 'आरोपीने तपासले' अशी चुकीची वाट उघडी राहते. पुरावा काहीच तपासू शकत नाही, त्यामुळे दुसऱ्यात ती वाट आधीच बंद असायला हवी. फर्नांडा फरेरा आणि चार्ल्स क्लिफ्टन यांनी 1986 मध्ये दाखवले की वाचक पुराव्याच्या वाक्यातही अडखळतो. जॉन ट्रूसवेल, मायकेल टॅननहाउस आणि सुझन गार्न्सी यांनी 1994 मध्ये वाक्ये अधिक काळजीपूर्वक निवडून तोच प्रयोग केला, तेव्हा नाम पुरेसे निर्जीव आणि अर्थ पुरेसा ठाम असल्यास अडखळणे जवळजवळ नाहीसे होते, असे दिसले. व्याकरणाची सवय आणि अर्थाचा दाब ही दोन्ही वजने एकाच तराजूत पडतात, हे मला अधिक पटते. कारण घोड्याच्या वाक्याने एवढी कीर्ती मिळवली ती घोडे आपणहून धावतात म्हणूनच.

डोळ्यांसमोरच्या वस्तूंचेही वजन त्याच तराजूत पडते. टॅननहाउस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1995 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक प्रयोग मांडला. माणसासमोर टॉवेलवर ठेवलेले सफरचंद, एक रिकामा टॉवेल, एक खोका आणि एक पेन्सिल ठेवली आणि त्याला सांगितले: 'पुट द ॲपल ऑन द टॉवेल इन द बॉक्स.' सांगायचे होते ते हे की टॉवेलवरचे सफरचंद खोक्यात ठेव. पण 'ऑन द टॉवेल' कानावर पडताच बहुतेकांची नजर रिकाम्या टॉवेलकडे गेली, म्हणजे सफरचंद तेथे ठेवायचे आहे असे त्यांना क्षणभर वाटले. मग समोर दोन सफरचंदे ठेवली, एक टॉवेलवर आणि एक रुमालावर. आता कोणते सफरचंद, हे सांगण्याची गरज होती, म्हणून 'ऑन द टॉवेल' हे शब्द ऐकणाऱ्याने त्या खुणेसाठीच घेतले आणि रिकाम्या टॉवेलकडे नजर क्वचितच गेली. वाक्य अक्षरशः तेच होते, पण एका टेबलावर चकवा लागला आणि दुसऱ्यावर नाही.

लहान मुलांबाबत मात्र दुसरे सफरचंद उपयोगी पडत नाही. ट्रूसवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1999 मध्ये पाच वर्षांच्या मुलांना असाच खेळ दिला. फक्त सफरचंदाऐवजी बेडूक आणि टॉवेलऐवजी रुमाल होता. दोन बेडूक समोर असतानाही मुले रिकाम्या रुमालाकडे पाहत राहिली, आणि अनेकदा त्यांनी बेडूक उचलून खरोखरच रिकाम्या रुमालावर नेला, काहींनी तेथून तो खोक्यात टाकला. 'पुट' म्हटले की कोठे ठेवायचे हे सांगितले जाणारच, एवढे त्यांना पक्के ठाऊक असते. घेतलेला अर्थ मागे घेणे त्यांना अजून जमत नसते. घरात पाच वर्षांचे मूल असलेल्याला यात नवल वाटणार नाही.

आता मूळ प्रश्न असा की हे सगळे इंग्रजीलाच इतके का जडले आहे. पहिले कारण 'रेस्ड' या शब्दातच आहे. इंग्रजीत बहुसंख्य क्रियापदांचे भूतकाळी रूप आणि कर्मणी विशेषणाचे रूप एकच असते. ज्या थोड्या क्रियापदांत ही रूपे वेगळी उरली आहेत तेथे चकवा आपोआप नाहीसा होतो. 'द हॉर्स रिडन पास्ट द बार्न फेल' असे लिहा. 'रिडन' हे मुख्य क्रियापद असूच शकत नाही, त्यामुळे वाचक न अडखळता शेवटपर्यंत जातो. त्यातच 'रेस' हे क्रियापद पळणे आणि पळवणे या दोन्हींसाठी चालते. मराठीत बैल पळाला आणि बैल पळवला यात एका 'व'चा फरक आहे, आणि तो शर्यतीच्या मैदानावर कोणालाही समजावून सांगावा लागत नाही. मराठीत 'पळवला' म्हणजे चोरून नेला असाही अर्थ होतो हे खरे, पण निदान कोणीतरी पळवणारा आहे, हे वाक्य लपवत नाही.

दुसरे कारण असे की इंग्रजी शब्द कपडे न बदलता नामाचा क्रियापद होतो. 'द ओल्ड मॅन द बोट' हे पाच शब्दांचे वाक्य पाहा. म्हातारा माणूस, आणि मग होडी. क्रियापद कोठे गेले? ते 'मॅन' हेच आहे. होडी चालवण्याचे काम म्हातारी माणसे करतात, असे वाक्य सांगते. 'द कॉम्प्लेक्स हाउझेस मॅरीड अँड सिंगल सोल्जर्स अँड देअर फॅमिलीज' यात गुंतागुंतीची घरे नाहीत. संकुलात विवाहित आणि अविवाहित सैनिक आणि त्यांची कुटुंबे राहतात. जुन्या इंग्रजीत नामाला विभक्ती होत्या, विशेषणाला प्रत्यय लागत, क्रियापदाचे अनेकवचन वेगळे दिसे. सुमारे 1100 ते 1500 या काळात हे प्रत्यय बहुतांशी झिजून गेले आणि कोण काय आहे, हे सांगण्याचे काम शब्दांच्या क्रमावर आले. क्रमावर इतका भार टाकला की क्रम फसवा निघाल्यावर वाचकाला धरायला दुसरे काही राहत नाही.

तिसरे कारण गाळलेल्या शब्दांचे. 'दॅट', 'हू', 'विच वॉज' हे जोडशब्द इंग्रजीत अनेक ठिकाणी खुशाल गाळता येतात. 'द कॉटन क्लोदिंग इज मेड ऑफ ग्रोज इन मिसिसिपी' या वाक्यात 'कॉटन'नंतर 'दॅट' घाला, चकवा संपला. मराठीत हेच सांगायचे तर 'कपडे ज्या कापसाचे होतात तो मिसिसिपीत पिकतो' असे म्हणावे लागते आणि तो 'ज्या' सोडून देण्याची सवलत भाषा देत नाही.

वर्तमानपत्रांचे मथळे तर जोडशब्दांबरोबर 'इज', 'द' हेही गाळतात. जपानमधल्या एका इंग्रजी वृत्तमाध्यमात 2009 मध्ये मथळा आला: 'व्हायोलिनिस्ट लिंक्ड टु जेएएल क्रॅश ब्लॉसम्स'. बातमी एका व्हायोलिनवादिकेची होती, जिचे वडील 1985 च्या जपान एअरलाइन्सच्या भीषण विमान अपघातात गेले होते, आणि तिची कला आता बहरत आहे, असे सांगायचे होते. वाचकांनी मात्र 'क्रॅश ब्लॉसम्स' म्हणजे अपघाताची फुले अशी काही वस्तू आहे, असे समजून तिचा शोध सुरू केला. तेव्हापासून अशा फसव्या मथळ्यांना इंग्रजीत 'क्रॅश ब्लॉसम' हेच नाव पडले. घोड्याचे वाक्य प्रयोगशाळेतले आहे, ते कोणी सहज बोलत नाही. मथळे मात्र रोज घरी येतात.

वाट चुकल्याचे लक्षात आल्यावर वाचक मागे येतो, हे खरे. मेंदूतली ही दुरुस्ती मोजताही येते: ली ऑस्टरहाउट आणि फिलिप होल्कम यांनी 1992 मध्ये दाखवले की चकवा उघड करणारा शब्द आल्यानंतर सुमारे 600 मिलिसेकंदांनी मेंदूच्या विद्युतलहरीत एक ठळक चढ येतो. पण मागे आलेला वाचक चुकीची वाट पुसून टाकतो का? माझ्या मते या विषयातला सर्वांत अस्वस्थ करणारा भाग हा आहे. कील ख्रिस्टियनसन, फरेरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2001 मध्ये लोकांना असे वाक्य वाचायला दिले: 'व्हाइल ॲना ड्रेस्ड द बेबी प्लेड इन द क्रिब.' ॲना स्वतः कपडे करत होती तेव्हा बाळ पाळण्यात खेळत होते, एवढाच याचा अर्थ. बाळ खेळत होते का, असे विचारल्यावर लोकांनी बरोबर होकार दिला. ॲनाने बाळाला कपडे घातले का, असे विचारल्यावरही त्यांच्यापैकी पुष्कळांनी होकार दिला. म्हणजे वाक्याची बांधणी त्यांनी उसवली आणि पुन्हा शिवलीही, पण पहिल्या शिवणीत मनात आलेले चित्र गेले नाही. 'ड्रेस्ड'नंतर एक स्वल्पविराम दिला असता तर हा घोळ झालाच नसता.

मराठी वाचक म्हणून आपण या सगळ्याकडे तटस्थपणे पाहावे, इतकी आपली भाषा सुरक्षित नाही. टॉवेलचे वाक्य मराठीत फसवत नाही, कारण 'टॉवेलवर' आणि 'टॉवेलवरचे' ही दोन रूपेच वेगळी आहेत. घोड्याचेही फसवत नाही, कारण 'पळवला' आणि 'पळवलेला' यांत 'लेला' पहारा देतो. पण आपले क्रियापद शेवटी येते आणि विशेषणात्मक वाक्य नामाच्या आधी येते, त्यामुळे आपला चकवा उलट्या बाजूने लागतो. 'आईने बाळाला दूध पाजणाऱ्या मावशीला हाक मारली.' 'आईने बाळाला दूध' येथपर्यंत आई बाळाला दूध पाजते आहे, अशी कोणाचीही समजूत होते. 'पाजणाऱ्या' शब्दाशी बाळ आणि दूध दोन्ही आईच्या हातून काढून मावशीकडे द्यावे लागतात. हे आपण इतक्या सहज करतो की ठेच जाणवत नाही, बहुधा आपल्याला रोज करावे लागते म्हणून. जपानी आणि कोरियन या क्रियापद शेवटी ठेवणाऱ्या भाषांतही असेच चकवे अभ्यासले गेले आहेत.

वाक्य लांबले की मात्र ठेच जाणवते. इंग्रजी बातम्यांचे मराठीकरण करताना मला नेहमी छळणारा नमुना असा: 'पोलिसांनी चोरांना पाठलाग करून पकडून देणाऱ्या रिक्षाचालकाचा सत्कार केला.' पाच शब्दांपर्यंत पाठलाग पोलिसांचा आहे, आणि 'देणाऱ्या' आल्यावर तो रिक्षाचालकाचा होतो. घाईने वाचणाऱ्याच्या मनात पोलीसच धावलेले राहतात, ॲनाने बाळाला घातलेल्या कपड्यांसारखे. येथे स्वल्पविराम उपयोगाचा नाही. पोलिसांनंतर तो दिला तर वाक्य विनाकारण लंगडते. उपाय क्रमात आहे, आणि मराठीला क्रम बदलण्याची जी मोकळीक आहे ती इंग्रजीला नाही. 'पोलिसांनी' हा एक शब्द उचलून त्याच्या क्रियेजवळ नेऊन ठेवावा: 'चोरांना पाठलाग करून पकडून देणाऱ्या रिक्षाचालकाचा पोलिसांनी सत्कार केला.'